पितळी वाद्यांची घडण आणि ओठांचा स्वर



लग्नाची वरात रस्त्याने निघते, तेव्हा बँडपथकातील वाद्ये दिव्यांच्या उजेडात झळकत असतात. त्यांत ट्रम्पेट असतो, युफोनियम असतो आणि तितक्याच तेजाने चमकणारा, बाकदार मानेचा सॅक्सोफोनही असतो. त्याच वेळी रस्त्याकडेच्या देवळात सायंआरती चालू असते आणि पुजारी शंख फुंकतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि शंख या तिघांपैकी एका कुळातील दोन कोणते, असा प्रश्न केला तर बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्याकडे बोट दाखवितील. दोन्ही पितळेचे, दोन्ही एकाच पथकातले, दोन्ही परदेशातून आलेले. शास्त्राचे उत्तर मात्र निराळे आहे. ट्रम्पेटचे सख्खे भावंड शंख होय. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याचे गोत्र सनई आणि क्लॅरोनेटचे आहे.

हे उत्तर वरवर चमत्कारिक वाटते. परंतु पितळी वाद्यांच्या घडणीचे सारे मर्म त्यातच सामावलेले आहे. आणि हे मर्म ध्यानी घेतले नाही तर आपल्या गावोगावच्या देवळांतून टांगलेली शिंगे आणि तुताऱ्या निव्वळ शोभेची भांडी होऊन बसतील, हा धोकाही त्यातच दडलेला आहे.

कुळ कशावरून ठरते?

वाद्याचे कुळ त्याच्या धातूवरून ठरत नाही; त्यात स्वर कोठे आणि कसा जन्म घेतो, यावरून ठरते. सॅक्सोफोनच्या मुखाशी बोरूची एक पातळ पट्टी बसविलेली असते. फुंकर घातली की ती पट्टी थरथरते आणि स्वर उमटतो. सनईत अशा दोन पात्यांची जिव्हाळी असते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बिगुल, तुतारी आणि शंख यांत अशी पट्टी किंवा जिव्हाळी कोठेच आढळणार नाही. तेथे थरथरतात ते वादकाचे ओठ. ओठ मिटून, ताणून धरायचे आणि श्वासाच्या दाबाने त्यांना कंप पावू द्यायचा, हीच या साऱ्या कुळाची एकमेव खूण आहे. म्हणूनच आल्प्स पर्वतातील गुराख्यांचे लांबलचक शिंग लाकडाचे असूनही शास्त्रज्ञ त्याची गणना याच कुळात करतात. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत लोकप्रिय असलेले, लाकडावर चामडे मढविलेले कॉर्नेटही याच कुळातले.

फ्रान्समधील मार्सुला गुहेत १९३१ साली एक मोठा शंख सापडला होता. २०२१ साली संशोधकांनी त्याची नव्याने तपासणी केली, तेव्हा त्याचे टोक वाजविण्यासाठी मुद्दाम फोडलेले असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. तो शंख सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा आहे. धातू वितळविण्याची कला माणसाला अवगत होण्याच्या कितीतरी आधी ‘पितळी वाद्य’ जन्माला आले होते, असा याचा अर्थ होतो.

बेल्जियममध्ये जन्मलेल्या आदोल्फ साक्स या कारागिराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पॅरिसमध्ये त्याने सॅक्सहॉर्न या नावाने वाद्यांचा एक संच घडविला आणि १८४६ साली सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. कारागीर एक, धातू एक, नावही त्याच्याच आडनावावरून. तरीही सॅक्सहॉर्न ओठांचे वाद्य ठरते आणि सॅक्सोफोन पट्टीचे.

वाद्याची पारख ध्वनीच्या जन्मावरून करावी, हा विचार भारताला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. तार, ताणलेले कातडे, ठोकली जाणारी घन वस्तू आणि पोकळीतील वायू, अशी ही विभागणी आहे. वाद्य लाकडाचे की लोखंडाचे, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. १८७६ साली कलकत्त्याचे संगीतज्ञ राजा शौरींद्रमोहन ठाकूर यांनी बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह भेट दिला. ब्रुसेल्स येथे १८७७ साली स्थापन झालेल्या वाद्यसंग्रहालयाच्या पायाशी तो संग्रह होता. या संग्रहालयाचे पहिले प्रमुख व्हिक्टर-शार्ल माइयों हे स्वतः फुंकवाद्ये घडविणाऱ्या घराण्यातले. १८८० पासून त्यांनी संग्रहाची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यासाठी त्यांनी हीच चतुर्विध विभागणी आधारभूत मानली. पुढे १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी माइयों यांच्या पायावर आपली वर्गीकरणपद्धती उभी केली. ती आज जगभर मान्य आहे आणि तिच्यात शंख व ट्रम्पेट एकाच घरात नांदतात.

संघाच्या घोषात बिगुलाला ‘शंख’ म्हणतात, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. आनक, पणव ही घोषातील नावे भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात आढळतात. बिगुलाचे ‘शंख’ हे नाव परंपरेच्या अभिमानातून आलेले असेल. परंतु ध्वनिशास्त्राच्या काट्यावर तोलले तरी ते चोख उतरते.

ओठ बोलतात, नळी निवाडा करते

आता या वाद्याच्या आत काय घडते ते पाहू. ओठांच्या फटीतून हवेचा एक लहानसा झोत नळीत शिरतो. त्याने निर्माण झालेली दाबाची लहर नळीतून धावत दुसऱ्या टोकाच्या रुंद मुखापर्यंत जाते. ती सगळीच्या सगळी बाहेर पडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग मुखाशी आदळून नळीत माघारी फिरतो आणि ओठांवर येऊन धडकतो. ही परतलेली लहर योग्य क्षणी पोहोचली तर ओठांना पुन्हा उघडावयास साहाय्य करते. अवेळी पोहोचली तर विरोध करते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी दिलेला हलका धक्का झोका वाढवितो आणि चुकीच्या क्षणी दिलेला जोराचा धक्काही तो थांबवितो, तसेच हे आहे. दर सेकंदाला शेकडो वेळा ही देवाणघेवाण चालते, तेव्हा कोठे एक स्थिर स्वर कानी पडतो.

याचा अर्थ असा की, प्रत्येक नळीला काही ठरावीक स्वरच मान्य असतात. भौतिकशास्त्रात त्यांना त्या नळीचे अनुनाद म्हणतात. ओठ त्यांच्या जवळपास कंपू लागले की नळी त्यांना आपल्याकडे ओढून घेते. ओठांचा ताण वाढविला की वादक एका अनुनादावरून वरच्या अनुनादावर उडी घेतो. बोरूची पट्टी अशी सहजासहजी उड्या घेऊ शकत नाही. म्हणून सॅक्सोफोनच्या नळीला भोके पाडून तिची लांबी बदलावी लागते. ओठ मात्र सजीव स्नायू आहेत. एकाच अखंड नळीतून अनेक स्वर काढण्याचे सामर्थ्य त्यांच्यामुळेच लाभते.

लष्करी बिगुल हे याचे सर्वांत साधे उदाहरण. त्याला ना भोके, ना कळा. तरीही त्यातून पाच स्वर निघतात: षड्ज, पंचम, तार षड्ज, तार गंधार आणि तार पंचम. सैनिकाला पहाटे उठविणारे आणि हुतात्म्यांना अखेरची मानवंदना देणारे सारे सूर या पाच स्वरांतच बांधलेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडता उमटणारा जो ‘स्वयंभू गंधार’ गायकाच्या कानाला सुखावतो, तोच हा बिगुलाचा गंधार. निसर्गाची स्वरमालिका एकच आहे. तंबोऱ्यात ती तारेतून प्रकटते, बिगुलात नळीतून.

हट्टी नळी सुरात येते

मात्र कोणतीही नळी घेतली आणि फुंकली की ही स्वरमालिका आपोआप मिळते, असे मुळीच नाही. कारागिराची खरी परीक्षा येथेच होते. एका टोकाला ओठांनी बंद असलेल्या सरळ, समान रुंदीच्या नळीचे अनुनाद एक, तीन, पाच, सात अशा विषम प्रमाणातच येतात. मधले दोन, चार, सहा गायब असतात. अशा नळीतून सुसंगत सुरावट उभी राहू शकत नाही. मग ट्रम्पेटची नळी सुरात येते कशी?

तिच्या दोन टोकांना दोन युक्त्या केलेल्या असतात. एका टोकाला फुलासारखे उमलत जाणारे रुंद मुख असते. खर्जाच्या लहरींची लांबी मोठी असल्याने त्या या उमलत्या भागात फार खोल शिरू शकत नाहीत. अलीकडूनच माघारी वळतात. त्यांच्या दृष्टीने नळी आखूड झालेली असते, म्हणून खालचे अनुनाद वर सरकतात. दुसऱ्या टोकाला, ओठांशी, माउथपीसची छोटीशी वाटी असते आणि तिच्या बुडाशी अरुंद छिद्र असते. ट्रम्पेटमध्ये या छिद्राचा व्यास साडेतीन ते चार मिलिमीटर इतकाच असतो. ही वाटी तारसप्तकातील लहरींना नळी लांबल्याचा भास घडविते, म्हणून वरचे अनुनाद खाली उतरतात. खालचे वर आणि वरचे खाली, अशा दुहेरी ओढीतून विषम मालिका हळूहळू दोन, तीन, चार, पाच, सहा अशा सुरेल ओळीत येऊन बसते. सर्वांत खालचा अनुनाद मात्र या ओळीत बसत नाही. वादक त्याला सोडून दुसऱ्यापासूनच आपला संसार मांडतो.

हा सुमेळ का महत्त्वाचा, हे अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड (१९२५–१९८७) यांनी विस्ताराने दाखवून दिले. एखादा स्वर वाजत असताना त्याचा एकटा अनुनाद काम करीत नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे वरचे अनुनादही त्याला हात देत असतात. ते ओळीत असतील तर स्वर भरदार, स्थिर आणि वादकाला सोपा होतो. ते ओळीबाहेर असतील तर ओठ दमतात आणि स्वर डळमळतो. उत्तम वाद्य आणि टाकाऊ वाद्य यांतील भेद बहुतांशी या परस्परसाहाय्याचा असतो.

आपल्या तबल्याच्या पुडीवरील शाईची आठवण येथे व्हावी. साध्या ताणलेल्या कातड्याचे स्वर एकमेकांशी बेसूर असतात. शाईचा नेमका थर, नेमक्या जागी, नेमक्या जाडीने चढविला की ते सुरेल प्रमाणात येतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली आणि पुन्हा १९३४ साली हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले आणि भारतीय तालवाद्यांच्या अनाम निर्मात्यांची प्रतिभा जगापुढे आणली. तबल्याला शाई जे देते, तेच ट्रम्पेटला त्याचे मुख आणि त्याची वाटी देतात. निसर्गाच्या हट्टी पदार्थाला सुरात आणण्याची ही एकच विद्या आहे.

रिकाम्या जागा आणि चक्रवाढ व्याज

बिगुलाला सा, ग, प मिळाले. रे, म, ध, नी यांचे काय? स्वरमालिका जसजशी वर जाते तसतसे स्वर जवळ येतात. म्हणून बाखच्या काळातील युरोपीय वादक लांब नळीचे ट्रम्पेट घेऊन अगदी वरच्या पट्टीत वाजवीत आणि तेथे पूर्ण सुरावट साधीत. ते अतिशय कष्टाचे काम होते. खालच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी तीन मार्ग चोखाळले गेले.

पहिला मार्ग सरकत्या नळीचा. पंधराव्या शतकापासून ट्रॉम्बोन याच तत्त्वावर चालत आला आहे. दुसरा मार्ग भोकांचा. हायडन याने १७९६ साली व्हिएन्नातील वाइडिंगर या वादकासाठी ट्रम्पेटची प्रसिद्ध रचना केली, ती अशा कळा लावलेल्या वाद्यासाठीच. परंतु नळीला मध्येच भोक पाडले की मुखाचा लाभ नाहीसा होतो, प्रत्येक स्वराचा रंग निराळा येतो. म्हणून हा मार्ग मागे पडला. तिसरा मार्ग व्हॉल्व्हचा. १८१८ साली हाइनरिश श्ट्योल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी प्रशियात त्याचे पेटंट घेतले. खटका दाबताच हवेची वाट एका जादा नळीतून वळते आणि वाद्य क्षणात लांब होते. जणू वादकाच्या हाती एकाच वेळी निरनिराळ्या लांबीचे अनेक बिगुल आले.

आज ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह असतात. पहिला स्वर दोन अर्धस्वरांनी उतरवितो, दुसरा एका अर्धस्वराने आणि तिसरा तीन अर्धस्वरांनी. तिन्ही दाबले की सहा अर्धस्वर उतरावेत, हा हिशेब सोपा दिसतो. पण त्यात एक मोठी मेख आहे. एक अर्धस्वर उतरण्यासाठी नळी सुमारे सहा टक्क्यांनी वाढवावी लागते. पुढच्या अर्धस्वरासाठी पुन्हा सहा टक्के लागतात, पण ते वाढलेल्या नळीवर. म्हणजे निसर्ग चक्रवाढ व्याजाने मागणी करतो आणि व्हॉल्व्ह मात्र सरळव्याजाने फेड करतात. ट्रम्पेटची मूळ नळी सुमारे १४८ सेंटिमीटर धरली तर तिन्ही व्हॉल्व्ह मिळून सुमारे ५५ सेंटिमीटर नळी जोडतात. हवी असते सुमारे ६१ सेंटिमीटर. सहा सेंटिमीटरांच्या या तुटीने स्वर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने चढतो. म्हणूनच तिसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीला बोट अडकविण्याची कडी असते. निष्णात वादक वाजवितानाच ती नळी पुढे सरकवून तूट भरून काढतो.

ट्रॉम्बोनमध्ये ही तूट उद्भवत नाही, कारण चक्रवाढीचा हिशेब वादकाच्या हातानेच ठेवायचा असतो. त्याच्या सरकत्या नळीची सात स्थाने आहेत. पहिल्या स्थानापासून दुसरे सुमारे ८ सेंटिमीटरांवर असते, तर सहाव्यापासून सातवे जवळजवळ ११ सेंटिमीटरांवर. नळीवर कसलीही खूण नसते. सतारीला पडदे असतात, सारंगीला नसतात; ट्रॉम्बोनवादकाची साधना सारंगियाच्या जातीची आहे.

नळीचा आकार, स्वराचा रंग

ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांची नळी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच रुंदीची असते आणि शेवटी झपाट्याने उमलते. युफोनियम, ट्युबा, फ्ल्युगलहॉर्न यांची नळी शंकूसारखी हळूहळू रुंदावत जाते. या एका भेदामुळे पहिल्या गटाचा आवाज लखलखीत आणि धारदार, तर दुसऱ्याचा गोल आणि मवाळ येतो.

याचे एक कारण अलीकडेच उमगले. जोराने वाजविल्यावर नळीतील दाब इतका वाढतो की, लहरीचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा अधिक वेगाने धावू लागतो. लांब, अरुंद आणि समान रुंदीच्या नळीत माथ्याला पायथा गाठावयास पुरेसे अंतर मिळते आणि लहर कड्यासारखी उभी होते. १९९६ साली हर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बोनमध्ये असे आघाततरंग प्रत्यक्ष निर्माण होतात, हे दाखवून दिले. स्वरात जी झळाळी ऐकू येते ती या उभ्या कड्याची. शंकूसारख्या नळीत लहर पसरत जाते, दाब घटतो आणि कडा उभा राहत नाही. म्हणून युफोनियम कितीही जोराने वाजविले तरी ते बरेचसे मवाळच राहते. ज्या ध्वनीला लोक ‘पितळेचा आवाज’ म्हणतात, तो मुख्यतः आतल्या हवेचा आणि नळीच्या आकाराचा आवाज आहे.

मग पितळच का? तांबे आणि जस्त यांचा हा मिश्रधातू ठोकला तर पसरतो, तापविला तर पुन्हा मऊ होतो, झाळता येतो, लवकर गंजत नाही आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातही आकार धरून ठेवतो. कारागिराच्या मनातला आकार इमानाने सांभाळणारा धातू म्हणून पितळेची निवड झाली.

ठोक्याखाली घडणारा स्वर

वाद्याचे मुख घडविण्याची जुनी रीत अशी: पत्र्याचा पंख्यासारखा तुकडा कापायचा, तो गुंडाळून कडा झाळायच्या, मग पोलादी साच्यावर चढवून मठारायचे. ठोके बसतात तसे पितळ कडक होते आणि तडकण्याच्या बेतास येते. तेव्हा ते तापवून मऊ करावे लागते. पुन्हा ठोके, पुन्हा ताव. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांना ही भाषा नव्याने शिकवावी लागणार नाही. सरळ नळी वाकविताना ती चेपू नये म्हणून तिच्यात शिसे किंवा राळ ओतून भरतात. आधुनिक कारखान्यांत साबणाचे पाणी भरून ते गोठवितात. वाकवून झाल्यावर बर्फ वितळला की नळी मोकळी.

भारतात उत्तर प्रदेशातील मेरठच्या जली कोठी भागात बँडची पितळी वाद्ये घडविण्याचा व्यवसाय शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. देशभरातील अनेक वरातींत आणि संचलनांत घुमणारी वाद्ये तेथील हातांनी घडविलेली असतात. माउथपीसजवळच्या नळीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी एखादा स्वर बिघडतो. अशा बारकाव्याचे काम पिढीजात अंदाजाने करणाऱ्या या मंडळींची गणना समाज क्वचितच कलावंतांत करतो. वादकाचीही तीच कथा. एकच व्हॉल्व्ह दाबून चार-पाच निरनिराळे स्वर निघू शकतात. कोणता निघावा हे ओठ ठरवितात आणि ओठांना आज्ञा देण्यापूर्वी तो स्वर मनात ऐकू यावा लागतो. वरातीत तासन्‌तास चालत, धक्के खात, हे अवधान राखणारा बँडवाला नुसता गोंगाट करतो असे म्हणणे अज्ञानाचे आहे.

शिंगांचे मोजमाप

आणि येथेच अखेरचा, सर्वांत निकडीचा मुद्दा येतो. महाराष्ट्राची तुतारी आणि शिंग, केरळचे कोंबू, हिमाचलचे नरसिंगे, राजस्थानचा बांकिया ही सारी ओठांचीच वाद्ये. बहुतेकांची नळी शंकूसारखी रुंदावत जाणारी आणि अर्धचंद्राकार किंवा नागमोडी वळलेली. पालखीपुढे, जत्रेत, लग्नाच्या मांडवात त्यांची ललकारी उठते. युरोपातील जुन्या वाद्यांचा प्रत्येक मिलिमीटर आज संग्रहालयांच्या दप्तरी नोंदलेला सापडतो. म्हणून तीनशे वर्षांपूर्वीचे ट्रम्पेट आज हुबेहूब घडविता येते. आपल्या शिंगाची मापे बहुधा घडविणाऱ्याच्या हातात असतात. तो हात थांबला की मापही संपते. मग बाजारात मिळते ती शिंगाच्या आकाराची पितळी वस्तू. तिचा बाहेरचा डौल तंतोतंत असतो. आतली पोकळी मात्र कोणीतरी डोळ्यांच्या अंदाजाने ठरविलेली असते. अशा वस्तूतून ललकारी न उठता घोगरा हुंकार निघाला, तर दोष वाजविणाऱ्याच्या माथी मारला जातो.

हे टाळण्याचा उपाय अवाक्याबाहेरचा नाही. वाद्य न कापता, न उघडता आतली पोकळी मोजण्याची रीत आज उपलब्ध आहे. नळीत ध्वनीचा एक छोटा ठोका सोडायचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून प्रत्येक ठिकाणची रुंदी गणिताने काढायची. त्यासाठी लागते ध्वनिक्षेपक, मायक्रोफोन, संगणक आणि चिकाटी. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे साहित्य जमविता येईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वाद्ये जतन केलेली आहेत. गावोगावच्या देवस्थानांकडेही ती आहेत. जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील एकेक शिंग मोजावे, त्याचे स्वर ध्वनिमुद्रित करावेत, वाजविणाऱ्याने ओठ कसे धरले, श्वास कसा सोडला, याची नोंद ठेवावी आणि ती मापे त्याच गावातील कारागिराच्या हाती सोपवावीत. रामन यांनी तबल्यासाठी आणि मृदंगासाठी जे केले, त्याचा हा लहानसा, पण थेट वारसा ठरेल.

परंपरेचा अभिमान बाळगणे सोपे असते. तिचे माप घेणे कष्टाचे असते. परंतु वाद्याच्या बाबतीत माप हाच परंपरेचा प्राण आहे. धातू बदलला तरी शंखाचे कुळ टिकून राहिले, कारण त्याच्या पोकळीचा आकार निसर्गाने शिंपल्यात कोरून ठेवला आहे. तुतारीचा आकार माणसाने घडविला आहे, म्हणून तो जपण्याचे उत्तरदायित्वही माणसाचेच आहे. देवळाच्या खुंटीवर टांगलेले शिंग उतरवून कोणी मोजपट्टी लावील, कोणी कारागीर त्या मापावर नवे शिंग मठारील आणि कोणी तरुण ते ओठांना लावील, तेव्हा त्यातून उठणारी ललकारी पूर्वजांनी ऐकलेली तीच असेल. त्यासाठी पहिली मोजपट्टी लवकर लागली पाहिजे, कारण घडविणारे हात थकत चालले आहेत.